रंगवलेले विमान आणि उडणारे विमान

एखाद्याने दुसऱ्याच्या कादंबरीचे मुखपृष्ठ बदलले, आत नायकाचे नाव बदलले आणि 'मी कादंबरी लिहिली' असे जाहीर केले, तर त्या कृतीला काय म्हणावे याविषयी मराठीच्या कोणाही अध्यापकाला विचार करावा लागणार नाही. संगणकावरील उड्डाणखेळांच्या, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटरच्या जगात मात्र याच कृतीला 'विमान बनवणे' असे म्हणतात, आणि नवशिक्याला पहिला धडाही तोच दिला जातो. आमचा आक्षेप या धड्यावर आहे.

धडा असा. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची २००६ सालची दहावी आवृत्ती घ्या. तीत प्रत्येक विमानाचे एक फोल्डर असते आणि त्यात साध्या अक्षरांत लिहिलेली 'एअरक्राफ्ट डॉट सीएफजी' नावाची फाइल असते. नवशिक्याने तयार सेसनाचे फोल्डर उचलावे, त्याची प्रत करावी, त्या फाइलीत शीर्षकाची ओळ बदलावी, रंगाच्या चित्रांचा एक नवा संच जोडावा, की झाले. यंत्रफलक आणि आवाज तर स्वतःचे असण्याचीही गरज नाही. 'ते अमुक विमानातून घे' एवढे सांगणारी एक ओळ पुरते. अर्ध्या तासात पडद्यावर नवे नाव झळकते. २०२० आणि २०२४ साली आलेल्या आवृत्त्यांत फायलींची रचना बदलली, पंखांवरील बले काढण्याची पद्धतही सुधारली. धडा मात्र बदललेला नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. रंगकाम हलके आहे असे आम्ही म्हणत नाही. बंद पडलेल्या एखाद्या विमानकंपनीच्या शेपटावरील चिन्ह हुबेहूब उतरवण्यासाठी जुनी छायाचित्रे धुंडाळणारे, अक्षरांची वळणे मोजणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत आणि त्यांच्याविषयी आदर आहे. मुखपृष्ठकाराला आपण कलावंत मानतोच. परंतु मुखपृष्ठकार स्वतःस कादंबरीकार म्हणवत नाही.

हा वाद केवळ नावाचा असता तर आम्ही लिहिण्याच्या भरीस पडलो नसतो. त्यामागे एका शब्दाची दुर्दशा आहे, आणि तो शब्द आमच्या व्यवसायातला आहे: 'वास्तवदर्शी'. विमानांच्या जाहिराती आणि परीक्षणे वाचावीत तर हा शब्द रिव्हेटांच्या रांगांना लावलेला आढळतो; आसनाच्या चामड्यावरील भेगांना, एक्झॉस्टच्या काजळीला, काचेवरून ओघळणाऱ्या पावसाच्या थेंबांना लावलेला आढळतो. त्याच विमानाचे इंजिन मंद करून नाक हळूहळू वर ओढत न्यावे, तर पुष्कळदा असे दिसते की वेगाचा काटा शून्याकडे झुकला तरी विमान पतंगासारखे हवेत लटकून राहते, किंवा दगडासारखे एकाएकी सरळ खाली येते. खरे विमान यांपैकी काहीच करीत नाही. ते आधी थरथरते, सुकाणू ढिले लागते, मग नाक खाली घालते आणि वेग परत मिळवू पाहते. या वर्तनाचा पत्ता नसताना काजळीच्या डागाला वास्तव म्हणणे ही आम्हांस ओळखीची चूक वाटते. बोलीभाषा बिनचूक, बैलाच्या साजाची नावे बिनचूक, आणि कर्जात बुडालेला माणूस मात्र कर्जात बुडालेल्या माणसासारखा एकही निर्णय घेत नाही, अशा कादंबऱ्या मराठीत थोड्या झालेल्या नाहीत. तपशील म्हणजे वास्तव नव्हे, हे वर्गात सांगताना आमची हयात चालली आहे. ते येथेही सांगावे लागेल असे वाटले नव्हते.

मग खेळातल्या विमानाचे वास्तव कशात असते? ते उत्तरांत असते. इतके वजन, इतका वेग, पंखाने वाऱ्याशी धरलेला इतका कोन. आता उचल किती, रोध किती, नाक कोणत्या बाजूस वळू पाहते? संगणक हा प्रश्न दर सेकंदाला अनेकदा विचारतो, आणि विमानाच्या कर्त्याने त्याची उत्तरे आधी पुरवून ठेवलेली असावी लागतात. आकार आणि रंग पुढे केव्हाही चढवता येतात. ज्याला आरंभ करावयाचा आहे त्याने आरंभ या उत्तरांपासून करावा, एवढेच आमचे म्हणणे.

पहिली चूक निवडीत होते. पहिलेच विमान म्हणून हौशी मनुष्य सुखोई घेतो, नाहीतर ए-३८० घेतो. पहिल्याच खेपेला महाकाव्याला हात घालण्याचा हा प्रकार आहे. सुखोईला संगणकाच्या मध्यस्थीने उडणारी नियंत्रणप्रणाली असते, तिची बरीचशी माहिती गुप्त असते, आणि पंखाच्या अतितीव्र कोनांवरचे तिचे वर्तन वर्णन करणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. त्यापेक्षा सरळ पंखाचे, न मिटणाऱ्या चाकांचे, एका इंजिनाचे विमान घ्यावे. सेसना १७२ नावडती असण्याचे कारण ती सर्वत्र दिसते एवढेच. पण म्हणूनच तिची माहितीही सर्वत्र मिळते. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने प्रसिद्ध केलेले तिचे प्रमाणपत्र-पत्रक, क्रमांक ३ए१२, कोणालाही उतरवून घेता येते. गुरुत्वमध्य कोठून कोठपर्यंत सरकू शकतो, मागचे पृष्ठ वर किती अंश व खाली किती अंश वळते, हे सारे त्यात असते. वैमानिकाच्या हस्तपुस्तिकेत वेग मिळतात. तिन्ही बाजूंच्या रेखाटनांवरून लांबी-रुंदी मोजता येते.

पंखाचा छेद सांगणारा आकडाही उघड आहे: एनएसीए २४१२. गणवृत्ताचे नाव उच्चारले की जाणत्याला लगक्रम कळावा, तसा हा आकडा आहे. पहिला अंक सांगतो की पंखाची वक्रता त्याच्या रुंदीच्या दोन टक्के आहे, दुसरा सांगतो की ती सर्वांत अधिक पुढच्या कडेपासून चाळीस टक्क्यांवर आहे, शेवटचे दोन सांगतात की जाडी बारा टक्के आहे. या छेदाची वातविवरात मोजलेली उचल व रोध यांची आलेखने अमेरिकेच्या त्या जुन्या संस्थेच्या १९४५ सालच्या ८२४ क्रमांकाच्या अहवालात आहेत. ऐंशी वर्षांपूर्वी छापलेले, फुकट मिळणारे आणि अद्याप खोटे न ठरलेले हे पुस्तक उघडण्यापूर्वी रंगाची बाटली उघडू नये, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

आता संगणक बंद ठेवून कागद घ्यावा. सेसना १७२ च्या 'एस' प्रकाराचे कमाल वजन २,५५० पौंड, म्हणजे सुमारे १,१५७ किलो. पंखांचे क्षेत्रफळ १७४ चौरस फूट, म्हणजे सुमारे १६.२ चौरस मीटर. फ्लॅप न काढता ती ज्या वेगाखाली तग धरू शकत नाही तो वेग हस्तपुस्तिकेनुसार ५३ नॉट, सेकंदाला सुमारे २७.३ मीटर. समुद्रसपाटीची हवा घनमीटरला १.२२५ किलो धरून भागाकार केला, तर पंखाचा कमाल उचल-गुणांक दीडच्या किंचित वर येतो. अहवालातले आलेख उघडून पाहावेत. २४१२ या छेदाची कमाल उचल याच पट्ट्यात आहे. दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले आकडे एकमेकांना भेटतात, तेव्हा जो आनंद होतो तो पाठभेदांची दोन हस्तलिखिते जुळली की होणाऱ्या आनंदाहून निराळा नाही. आणि चूक केली तर? क्षेत्रफळ चुकून दुप्पट लिहिले तर तोच वेग १.४१ ने भागला जाऊन ३७-३८ नॉटवर येतो, आणि मग पडद्यावरचे विमान पतंगासारखे का लटकते हे वेगळे शोधावे लागत नाही.

साधनांविषयी थोडे. एक्स-प्लेन या खेळाबरोबर 'प्लेन मेकर' नावाचे साधन येते. ऑस्टिन मेयर या अमेरिकन हौशी वैमानिकाने १९९० च्या दशकात हा खेळ रचला. त्याची पद्धत अशी की पंख, शेपूट आणि पंखा यांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरची हवा वेगळी हिशेबात घ्यावयाची आणि बेरीज करावयाची. म्हणून प्लेन मेकर तुम्हांला वर्तन विचारत नाही, रूप विचारतो: पंखाची लांबी, मुळाशी रुंदी, टोकाशी रुंदी, मागे झुकाव, वर उचललेपणा, छेद कोणता, इंजिनाची शक्ती किती, वजन कोठे. त्यातून जे निघेल ते निघेल. नवशिक्याने येथून आरंभ करावा असे आमचे मत आहे, कारण येथे रूप चुकवून वर्तन बरोबर आणणे अवघड जाते.

फ्लाइटगिअर हा १९९७ पासून उपलब्ध असलेला मुक्त खेळ. त्यातील जेएसबीसिम या गणनयंत्राचा स्वभाव उलटा. ते तुमच्याकडून तक्ते मागते. मापे, वस्तुमान, जमिनीशी संपर्क, इंजिन, नियंत्रणे आणि वायुगतिकी असे विभाग एका साध्या फाइलीत लिहावयाचे. या अनेक कोनांवर एवढी उचल, एवढा रोध, शेपूट इतके वळवले तर नाक फिरवणारे बल इतके, असे सारे कर्त्याने सांगावयाचे. हे अधिक कष्टाचे, पण वातविवराची खरी मोजमापे हाती असतील तर अधिक प्रामाणिकही.

याच खेळात वायासिम नावाचे दुसरे गणनयंत्र आहे, आणि त्याच्यापाशी आरंभकर्त्याने जरा सावध असावे. ते मापे तर घेतेच, परंतु उतरतानाचा वेग आणि प्रवासाचा वेगही विचारते, आणि ते दोन्ही जुळेपर्यंत आतले गुणांक स्वतःच वाकवते. परिणाम पुष्कळदा चांगला असतो. अडचण अशी की तुम्ही पंखाचे माप चुकवले तरीही ते दोन वेग जुळवून दिले जातात, आणि चूक मधल्या सगळ्या प्रदेशात दडून बसते. एरोमॅटिक या साधनाचेही तसेच: थोड्या प्रश्नांची उत्तरे दिली की ते जेएसबीसिमची तयार फाइल हाती ठेवते. कच्चा खर्डा म्हणून ती उपयोगी आहे. परंतु तोच खर्डा मुद्रित म्हणून मिरवणारे पाहिले की आम्हांस परीक्षेच्या हंगामातील मार्गदर्शक पुस्तिका आठवतात.

उपदेश करणाऱ्याने स्वतःची फजिती लपवू नये. आमचे पहिले विमान धावपट्टीवर अवतरताच शेपटीवर बसले. नाकाचे चाक हवेत, आणि विमान आकाशाकडे पाहत स्वस्थ. चाकांच्या स्प्रिंगांचे आकडे चुकले असावेत असे ठरवून आम्ही दोन संध्याकाळ ते बदलत बसलो. विमान कधी उसळले, कधी जमिनीत रुतले, पण बसले शेपटीवरच. चूक स्प्रिंगांत नव्हती. जेएसबीसिममध्ये वस्तूंची स्थाने सांगताना अंतर मागच्या दिशेने वाढते. आम्ही गृहीत धरले होते की ते पुढे वाढते. त्यामुळे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे गेला होता, आणि नाकाचे चाक असलेल्या विमानाने अशा वेळी शेपटीवरच बसावयाचे असते. म्हणजे विमान बरोबर होते. आम्हीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. तयार फोल्डरची प्रत करणाऱ्याच्या वाट्याला ही फजिती येत नाही, आणि तीतून मिळणारी समजही येत नाही.

यावर परीक्षा कशी घ्यावयाची? छायाचित्रांशी ताडून पाहणे ही परीक्षा नव्हे. मनगटी घड्याळ घ्यावे. विमान सरळ पातळीत स्थिर करावे, नाक थोडे वर ओढून हात काढून घ्यावा. विमान वर चढेल, वेग गमावेल, खाली येईल, वेग मिळवील, पुन्हा चढेल. या संथ हेलकाव्याला फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी 'फ्युगॉइड' हे नाव दिले. (नाव देताना त्याने ग्रीक धातूचा अर्थ चुकवला, त्याला 'उडणे' हवे होते, मिळाले 'पळून जाणे'. भाषेच्या लोकांना हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) त्याच्या सरळ सूत्रानुसार एका हेलकाव्याचा काळ केवळ वेगावर अवलंबून असतो: १०० नॉटला सुमारे २३ सेकंद. तुमच्या विमानाचा हेलकावा आठ सेकंदांचा आला, किंवा प्रत्येक फेरीला वाढत जाऊन विमान उलटले, तर आत काहीतरी बिघडले आहे, मग रिव्हेट कितीही सुरेख असोत. दुसरी परीक्षा घसरणीची. इंजिन मंद करून ६८ नॉट राखले तर ही सेसना हजार फूट उतरताना सुमारे दीड सागरी मैल कापते. तुमची तीन मैल जात असेल तर ती ग्लायडर आहे.

आणि आकडे जुळले नाहीत म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. राइट बंधूंचे १९०१ सालचे ग्लायडर अपेक्षेहून फारच कमी उचल देत होते. दोष त्यांच्या सुतारकामाचा नव्हता; अठराव्या शतकापासून सर्वमान्य असलेला हवेच्या दाबाचा गुणांक ०.००५ हाच जादा होता. त्यांनी घरी वातविवर बांधले, लहान लहान पंख तपासले आणि गुणांक ०.००३३ च्या आसपास आणला. पुढच्या वर्षीचे ग्लायडर उडाले. त्यांनी १९०१ साली रंग बदलला असता तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही.

'अहो, हा खेळ आहे. मुलाला रंगवू द्या की,' असे आमचे काही मित्र म्हणतात. जरूर रंगवू द्या. पण खेळाला नियम असतात म्हणूनच तो खेळ असतो. दुसरे मित्र याहून घातक. ते म्हणतात, यातून मुलगा अभियंता होईल, नोकरी लागेल, म्हणून चालू द्यावे. वृत्ते शिकवण्याचे समर्थनही याच लोकांनी 'स्मरणशक्ती वाढते' म्हणून केले होते. एखादी गोष्ट नीट समजून घेणे हे पुरेसे कारण का नसावे, हे आम्हांस कधीच कळलेले नाही.

या साऱ्याचा मराठी माणसाशी काय संबंध, असे विचारणारांसाठी. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर मानवरहित विमान उडवले, ही कथा आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. तळपद्यांच्या ध्यासाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्या विमानाचे वजन, पंखांचे क्षेत्रफळ, इंजिनाची शक्ती असा तपासता येईल असा एकही समकालीन आकडा या कथेबरोबर येत नाही. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचे नाव त्याच दमात घेतले जाते. त्यातील विमानांचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७४ साली केला आणि ती उडण्यास अक्षम आहेत, ग्रंथही प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. अभिमानापोटी तो ज्यांना मान्य नाही त्यांना आमचे निमंत्रण आहे: प्लेन मेकर उघडावा आणि आपल्या आवडत्या विमानाची मापे भरावीत. त्या चौकटीत श्रद्धा भरण्याची सोय नाही.

याच्या उलट, विष्णू माधव घाटगे हे नाव कितीजणांनी ऐकले आहे? कोल्हापूरकडचे हे गृहस्थ गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकले. पंखाच्या टोकांशी हवा वळसा घालते आणि त्यामुळे रोध वाढतो, याचे गणित ज्यांनी मांडले तेच हे प्रांटल. उड्डाणखेळातील प्रत्येक पंख आजही त्यांचे ऋण वागवतो. घाटग्यांनी बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान आखले. ते १९५१ साली उडाले आणि वायुदलाच्या कितीतरी वैमानिकांनी उड्डाणाचा पहिला धडा त्याच्यावर घेतला. पंखांचा विस्तार १०.७२ मीटर, १५५ अश्वशक्तीचे सायरस मेजर इंजिन, भरलेले वजन सुमारे १,०१६ किलो. अश्वशक्तीमागे येणारे वजन काढून पाहावे: साडेसहा किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ वरच्या सेसनाइतकेच. फरक चाकांत आहे. एचटी-२ चे तिसरे चाक शेपटीला असल्याने गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागेच असावा लागतो. आमच्या पहिल्या विमानाची जी चूक होती तीच येथे गरज आहे, आणि त्यामुळेच धावताना हे विमान वळून मागचे पुढे करू पाहते. पायांनी सतत सावरावे लागते.

सेसनावर हात बसल्यावर दुसरे विमान म्हणून आम्ही हेच घेतले आहे. सध्या ते धावपट्टीवर सरळ धावते, ऐंशीतल्या सत्तर वेळा. उरलेल्या दहा वेळा ते डावीकडे गवतात जाते, आणि तो दोष पंख्याच्या वाऱ्याचा की आमच्या उभ्या शेपटाच्या मापाचा, हे तपासणे चालू आहे. रंग अजून दिलेला नाही.